जरा ॲडजस्ट करा की वो!

मराठीतली क्रियापदं साधारणपणे तिन्ही पुरुषांत चालतात. मी खातो, तू खातोस, तो खातो. 'ॲडजस्ट करणं' हे एकच क्रियापद असं की, आमच्या बेळगाव भागात ते फक्त द्वितीय पुरुषात चालतं, तेही आज्ञार्थात. 'जरा ॲडजस्ट करा की वो!' करायचं ते समोरच्यानं. 'थांबा, मी ॲडजस्ट करतो' हे वाक्य खानापूरपासून निपाणीपर्यंत मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. प्रथम पुरुषात ते येतं ते थेट भूतकाळात, आणि बहुधा लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईच्या तोंडून: 'मी जन्मभर ॲडजस्ट केलं.' त्या वेळी नवरा पेपरातलं काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असतो.

माझी आणि या शब्दाची गाठ रोज सकाळी खानापूर-बेळगाव बसमध्ये पडते. रस्ता पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा. बसमध्ये एका बाजूला तिघांची सीट, दुसऱ्या बाजूला दोघांची. मी अंगानं बारीक आहे. हा गुण आहे, असं मला डॉक्टर सांगतात. बसमध्ये तो गुन्हा ठरतो. उभा राहिलेला चौथा माणूस सगळ्या बसवरून नजर फिरवतो आणि ती माझ्यापाशी येऊन थांबते. मग आधी त्याची पिशवी येते, मग कोपर, मग तो स्वतः, आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य. वाक्य येईपर्यंत तो बसलेला असतो. म्हणजे ही विनंती नव्हे. घडून गेलेल्या गोष्टीची ती नुसती वर्दी.

बायकांची पद्धत निराळी. त्या आधी चौकशी करतात.

"कुठं जाऊलाय?"

"बेळगावला."

"मग काय तर! हितंच तर हाय. सरका जरा."

जवळ जाणाऱ्यानं सरकावं, असा यातला न्याय आहे म्हणून एकदा मी मुद्दाम 'हुबळी' म्हणून पाहिलं. "मग काय तर! लांब जायचंय, नीट मांडी आवळून बसा," असं म्हणून मावशींनी मांडीवर फणस दिला. फणस ॲडजस्ट होत नाही. तो आपल्या जागी ठाम असतो, आपण त्याच्याभोवती व्हायचं असतं. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली कर्नाटक राज्यातल्या बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. मावशींच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट असतं, माझ्या हातात पैसे मोजून घेतलेलं. पण रुबाब विचाराल तर तो त्यांच्याकडंच. माझ्याकडं फणस.

वर कंडक्टरसाहेबांचा पुकारा चालू असतो: "मुंद होग्री, मुंद होग्री! मागं जागा हाय!" कन्नडमध्ये ते पुढं जायला सांगतात आणि मराठीत मागं जागा असल्याचं कळवतात. ज्याला एकच भाषा येते तो निदान कुठंतरी जातो. आमच्यासारखे दोन्ही भाषा कळणारे जागच्या जागी उभे राहतात आणि शिव्या खातात.

कन्नडमधलं याच वाक्याचं भावंड म्हणजे 'स्वल्प ॲडजस्ट माड्री'. मला ते मराठीपेक्षा जास्त आवडतं. 'स्वल्प' संस्कृत, 'माड्री' कन्नड, आणि मधल्या सीटवर दोघांनी दाबून धरलेलं इंग्रजी. मराठीत आपण 'स्वल्प' हा शब्द एका स्वल्पविरामापुरता ठेवला आणि बाकी विसरलो. कन्नड माणूस तो दिवसभर वापरतो. फक्त किती म्हणजे स्वल्प, हे दोन्ही भाषांत ठरलेलं नाही. माझ्या अनुभवात स्वल्प म्हणजे उरलेलं सगळं.

इतका छळ सोसल्यावर मी हा शब्द निघाला कुठून ते कोशात शोधलं. इंग्रज लोक आरसा ॲडजस्ट करतात, टाय ॲडजस्ट करतात, घड्याळ करतात. अंधारातून उजेडात आल्यावर त्यांचे डोळेसुद्धा ॲडजस्ट होतात. शेजारचा माणूस मात्र ते करत नाहीत. त्याच्याकडं ते बघतच नाहीत. पण शब्दाचं मूळ इंग्रजांच्याही मागं जातं. लॅटिनमध्ये 'जुक्स्टा' म्हणजे जवळ, लगत. त्यापासून 'जवळ आणणं' या अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. वाटेत लोकांचा असा समज झाला की, हा शब्द 'जस्ट'पासून, म्हणजे न्याय्य, रास्त यापासून निघाला असणार, आणि मग त्याचा अर्थही तिकडं झुकला. आमच्या बसनं मात्र मूळ लॅटिन अर्थ जिवापाड जपला आहे. लगत आणणं, बस्स. न्यायाचा त्यात कणभर संबंध नाही.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करणारा माझा एक मित्र हे ऐकून वैतागला. त्याच्या मते ॲडजस्ट करणं म्हणजे नेमकी फट ठेवणं. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसभर फट ठेवावी लागते. ती डोळ्यांनी अंदाजानं ठेवायची नाही, पातळ पात्यांचं फीलर गेज घालून मोजायची. फटच ठेवली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि काँप्रेशन जातं. "आणि तुम्ही लोक फट दिसली की तिच्यात माणूस घालताय!" तापल्यावर माणूसही प्रसरण पावतो, हे मी मे महिन्यातल्या दुपारच्या बसमध्ये स्वतः पाहिलं आहे. पण त्याचं गेज अजून बाजारात आलेलं नाही.

बसमधून उतरलं की सुटका, असंही नाही. दुकानदाराकडं सुट्टे नसतात, तो चॉकलेट पुढं करतो: ॲडजस्ट करा. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी संपलेली असते: ॲडजस्ट करा, आमटी वाढू? एका कचेरीत मला हातात मिळालेला फॉर्म संपूर्ण कन्नडमध्ये होता. मला बोलता येतं, वाचताना मी दुसरीतला मुलगा होतो. "मराठीतला नाही का?" तर खिडकीतून उत्तर आलं, तेही चोख मराठीत: "नाही वो, ॲडजस्ट करा." मी 'वडिलांचं नाव' या रकान्यात गावाचं नाव लिहून आलो. अजून कुणी तक्रार केलेली नाही. त्यांनीही ॲडजस्ट केलं असावं.

तसं पाहिलं तर इथं जिल्ह्यालाच एकदा 'जरा सरका' म्हणून झालेलं आहे. इंग्रजीत राज्यांच्या हद्दी मागंपुढं करण्याला 'बाउंडरी ॲडजस्टमेंट' म्हणतात. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. गेलो म्हणजे काय, आम्ही होतो तिथंच होतो, हद्द सरकली. 1966 मध्ये या हद्दीच्या वादावर महाजन आयोग बसला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. माझी आजी मुंबई इलाख्यात जन्मली, मुंबई राज्यात तिनं संसार मांडला, म्हैसूर राज्यात लेकी उजवल्या आणि 1973 मध्ये राज्याचं नाव बदललं तेव्हा कर्नाटकात पापड लाटत बसली होती. एवढा प्रवास करून बाई गल्लीच्या बाहेर पडली नाही. आणि सीटही कुणाला दिली नाही.

पण या शब्दाचा खरा कहर बघायचा तर मुलगी बघायच्या कार्यक्रमाला जावं. तिथं तो विशेषण होऊन येतो. 'आम्हाला काही नको. मुलगी फक्त ॲडजस्टिंग हवी.' परवा शहापुरात माझ्या भाचीला बघायला मंडळी आली होती. मुलगा बेंगळुरात कंपनीत, बरोबर आई-वडील, मामा, आणि मध्यस्थ म्हणून आलेले एक काका. पोहे झाले, कुंदा झाला, आणि मुलाच्या आईनं ते वाक्य टाकलं. आमच्या घरातल्या सगळ्यांनी एकदम मान हलवली. भाची उद्यमबागेतल्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून माल परत पाठवते.

"ॲडजस्ट म्हणजे साधारण किती?" तिनं विचारलं.

"किती म्हणजे?"

"म्हणजे टॉलरन्स किती धरायचा? आमच्याकडं ड्रॉइंगवर लिहिलेलं असतंय, प्लस किती चालंल, मायनस किती चालंल."

मुलाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला. माझ्या बहिणीनं मला चिमटा काढला. मी काय केलं होतं, देव जाणे. मध्यस्थ काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "तसं काय जास्ती नाही गं बाळ. स्वल्प."

"आणि तो टॉलरन्स दोन्ही पार्टला लागू, का एकालाच?"

यावर मुलगा मोठ्यानं हसला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज आला. आईनं त्याच्याकडं नुसतं वळून पाहिलं, आणि तो हसायचा थांबला. तेवढ्यात भाचीनं काय ते माप घेतलं आणि रिकाम्या बशा गोळा करून आत गेली.