लळा लागेल म्हणून घर नाकारू नका

कुठेही युद्ध पेटलं की एक मजकूर ग्रुपांवर फिरू लागतो. पोरक्या मुलांना तात्पुरत्या कुटुंबात ठेवणं क्रूरपणाचं आहे, लळा लागतो आणि पुन्हा ताटातूट होते. त्यापेक्षा मोठा आश्रम उभारा, नाहीतर ताबडतोब दत्तक द्या. हा मजकूर कळवळ्यानेच पुढे पाठवला जातो, पण त्यातले दोन्ही उपाय मुलांच्या मुळावर येणारे आहेत.

गफलत 'पोरक्या' इथूनच सुरू होते. एकटं सापडलेलं मूल अनाथ असतंच असं नाही, अनेकदा ते नुसतं हरवलेलं असतं. १९९४च्या नरसंहारानंतर आफ्रिकेतल्या रवांडात आणि शेजारच्या छावण्यांत पळापळीत हात सुटलेली हजारो मुलं होती. काही इतकी लहान, की स्वतःचं नाव सांगता येईना. मग त्यांचे फोटो फलकांवर लावले गेले. अशा शोधात मूल आईला काय हाक मारतं, घराजवळ ओढा होता की चर्च, अंगावर व्रण कुठे आहे, हे सगळं टिपून ठेवतात. त्यावरून कधी आजी सापडते, कधी काका. याला महिने लागतात, कधी वर्षं. तोवर मूल कुणाच्या तरी घरात जेवावं, झोपावं, यासाठी ही तात्पुरती घरं.

ताबडतोब दत्तक दिलं की हा शोधच थांबतो. एप्रिल १९७५मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडायच्या तोंडावर अमेरिकेने अडीच हजारांहून अधिक मुलं विमानांनी हलवली. त्यांतल्या काहींचे आईवडील हयात होते. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं.

आता लळा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेड नर्सरीत, म्हणजे युद्धामुळे घरापासून दुरावलेल्या मुलांच्या निवासी संस्थेत, ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी मोजक्या मुलांमागे एक बाई नेमून छोटी 'कुटुंबं' केली. मुलं तिच्यावर हक्क सांगू लागली, एकमेकांचा हेवा करू लागली, ती दिसेनाशी झाली की रडून आकांत करू लागली. पण त्याच काळात त्यांचं बोलणं आणि शी-शूची सवय झपाट्याने सुधारली. निरोप घेताना मूल रडणार, हे खरंच आहे. पण कुणासाठीच न रडणारं मूल मला जास्त काळजीत टाकतं.

'हे व्यवहारात जमत नाही' म्हणणाऱ्यांनी आपल्या राज्याची बालसंगोपन योजना पाहावी. तीही मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात ठेवण्यासाठीच आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. रवांडात काही घरांनी या मुलांना कामाला जुंपलं. म्हणून आधी घराची पाहणी हवी, नंतर न कळवता भेटी हव्यात, मुलाशी एकट्याने बोलणं हवं. त्यासाठी प्रशिक्षित माणसं लागतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो. आश्रमाच्या इमारतीसाठी काढलेली देणगी तिकडे द्या.