गोळी इतक्या लवकर बदलू नका

‘आठ दिवसांत फरक पडला नाही तर गोळी बदलून घ्या’ हा चिंतेच्या आजारावरच्या (अँग्झायटी) लेखातला सल्ला चुकीचा आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या चिंता आणि नैराश्यावरच्या रोजच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. उलट पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, झोप उडणं, कधी घालमेलही वाढते आणि नेमके तेव्हाच लोक गोळी सोडतात. म्हणून तर एस्सिटालोप्राम बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमने सुरू करून मग 10 वर नेतात. मात्र या काळात जीव द्यायचे विचार आले, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, तर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बरं वाटू लागल्यावरही निदान 6 महिने गोळी चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येतात आणि आजार उलटला असं वाटतं.

क्लोनाझेपाम हे घालमेल शमवणारं औषध तासाभरात शांत करतं, म्हणूनच ते जपून. 2-4 आठवड्यांपलीकडे सवय लागण्याचा धोका वाढतो.

थेरपीला लेखात एकच ओळ, हे खटकलं. सीबीटीत (विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी थेरपी) भीतीच्या प्रसंगांना 0 ते 100 गुण देऊन 30-40 च्या प्रसंगापासून सुरुवात करतात आणि भीती ओसरू लागेपर्यंत तिथून हलत नाहीत. फसतं कुठे? खिशातली ‘इमर्जन्सी’ गोळी, सोबतीला कुणीतरी, दर मिनिटाला नाडी बघणं. निभावल्याचं श्रेय मेंदू त्यांनाच देतो, भीती जागच्या जागी राहते. आणि हो, घालमेल थायरॉइडमुळे तर नाही ना, याची तपासणी आधी करून घ्या.