पाणी सोडत नाही

वॉशिंग मशीन रिकामं असताना बंद पडत नाही, ते त्याच्या तत्त्वात बसत नाही. घरातले यच्चयावत बरे कपडे आत गेले, पाणी भरलं, साबणाचा फेस झाला, की मगच ते केविलवाणं पिप् पिप् करतं, दोन अगम्य अक्षरं दाखवतं आणि मौन धरतं. दारही उघडत नाही. आत पाणी असताना कुलूप सुटू नये ही आपल्याच भल्याची सोय, हे कळतं. पण काचेआडून आपलाच कुर्ता बाही हलवतो तेव्हा भलंबिलं सुचत नाही.

घरात निदानाला तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "पावडर जास्त पडली असणार." लेक म्हणाला, "बंद करून चालू कर ना." नवरा वॉरंटी कार्ड शोधायला गेला. वॉरंटी नुकतीच संपली होती. ती कायम नुकतीच संपलेली असते. माहितीपुस्तिका म्हणाली, नळ उघडा आहे का ते तपासा. अगं बाई, पाणी आलंय, ते जात नाहीये!

मशीन पाणी सोडत नसेल तर संशयित मोजकेच: मागचा पाइप दुमडलाय, फिल्टर तुंबलाय, नाहीतर पंप गेलाय. पाइप निर्दोष सुटला. मग प्लग काढला आणि फिल्टरकडे वळले.

समोरून दार असलेल्या मशीनचा फिल्टर खाली, कोपऱ्यातल्या झाकणामागे असतो. खाली म्हणजे किती, तर जमिनीला जवळजवळ टेकलेला. पाणी उताराकडे जातं हे खरं, पण त्या पाण्याखाली काहीतरी धरावं लागतं याचा विचार कुणी केला होता का? बादली तिथे जात नाही. तसराळं जात नाही. जाते ती परात, आणि परातीत मावतं ते न सांडता मोरीपर्यंत पोचत नाही. आत पाणी 10-12 लिटर. शेजारच्या करंगळीएवढ्या नळीचं बूच काढायचं, परात भरली की लावायचं, परात ओतून यायचं, पुन्हा काढायचं. नवरा टॉर्च धरून होता. टॉर्च धरणाऱ्या माणसाचा एक स्वभाव असतो: त्याला जे बघायचंय तिथेच उजेड पडतो.

पाणी संपल्यावर फिल्टर डावीकडे फिरवून ओढला. करड्या लगद्यात एक नाणं, शर्टाचं बटण, टिश्यूचा लगदा. खरी गुन्हेगार अजून आत होती: पंपाच्या पात्यात आडवी अडकलेली केसांची पिन. चिमट्याने ती ओढून काढली आणि पातं बोटाने फिरवून पाहिलं. ते अडखळत, झटके देत फिरलं. "गेला पंप!" नवरा आनंदाने म्हणाला. गेला नव्हता. या पंपात लोहचुंबक असतं, पातं असंच अडखळत फिरायचं. गुळगुळीत फिरलं असतं तर उलट मला शंका आली असती.

फिल्टर घट्ट बसवला, मशीन चालू केलं. आधी घरघर, मग पाइपातून खळखळ. कुर्ता पुन्हा धुवावा लागणार होता, पण सुटला तरी.

मग चौकशी बसवली. पिन कुणाचीच नव्हती; सासूबाई "मी असल्या वापरतच नाही" म्हणाल्या, नवऱ्याने डोक्यावरून हात फिरवून पुरावा सादर केला. बटणाला वारस मिळाला नाही. टिश्यूचं नाव काढताच लेक अभ्यासाला बसला. नाण्यावर मात्र तिघांनी हक्क सांगितला.