कॉफीची कांडी

बायकोला अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलपला नोकरी लागली आणि घरून काम करणारा नवरा म्हणून मी तिच्या सामानाबरोबर आलो. इथे दर शनिवारी बाजार भरतो. आसपासच्या वस्त्यांवरून नावाहो या इथल्या मूळ जमातीची माणसं येतात. मटणाचा रस्सा, तळलेली रोटी, चांदीचे दागिने, सगळं मिळतं. तिथल्या कॉफीवाल्या आजींशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, असं मी ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं.

नमस्कारालाच घसरलो. 'या'आत'एह'! मधे दोनदा आवाज घशात अडवायचा, उचकी येता येता राहावी तसा. मला खरीच उचकी लागली. आजींनी पाणी दिलं. त्यांना 'शिमासानी' म्हणायचं, म्हणजे 'माझी आजी'. नुसती आजी नाही, कोणाची ते चिकटूनच येतं.

मग ओळख. इथे नाव-हुद्द्यावर भागत नाही. आधी आईचं कुळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. एका कुळात लग्न होत नाही. हे तर आपलंच, म्हणून मी छाती फुगवून गोत्र सांगितलं.

"हे वडिलांचं," त्यांची नात म्हणाली. "आजी आईचं विचारतेय."

गॅलपला दुपारचे बारा, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेअकरा. फोन लावला. "आई, तुझ्या माहेरचं गोत्र कोणतं गं?"

पलीकडे शांतता. मग, "अरे, तुझं लग्न झालंय ना? सूनबाई कुठाय? तिला दे फोन."

हे निस्तरायला आठवडा गेला.

पुढच्या शनिवारी कॉफी. वहीत पाठ केलेलं पहिलंच वाक्य होतं, 'नात'ओह शा नितींह', मला सिगारेट द्या. मी सिगारेट ओढत नाही, पण ती काढून तिथे कॉफी घातली की काम झालं, असा हिशोब. म्हणालो, "गोहवेह शा नितींह." नात तोंड दाबून गाडीमागे गेली.

या भाषेत 'द्या' एकच नाही. वस्तू कांडीसारखी ताठ असेल तर एक क्रियापद, दोरीसारखी लुळी तर दुसरं. कापडासारखी पसरट, गोळ्यासारखी घट्ट, चिखलासारखी लिबलिबीत, उघड्या भांड्यातली, जिवंत... प्रत्येकीचं वेगळं. मी कॉफीची कांडी मागितली होती. १९४२पासून अमेरिकी मरीन दलाने याच भाषेवर बेतलेले सांकेतिक निरोप धाडले आणि ते जपान्यांना उलगडले नाहीत, यात मला आता नवल वाटत नाही. पण कुरकुर तरी कशी करणार? आपल्याकडे साडी नेसायची, शाल पांघरायची, बांगड्या भरायच्या, टिकली लावायची आणि सदरा घालायचा.

उघड्या कपातल्या कॉफीला 'शा निकाह' लागतं. तो 'क' खरं तर घशातून, 'ख'च्या अंगाने काढायचा, पण मी आपला साधाच 'क' घोकत घरभर फिरायचो. न्हाणीघरातसुद्धा.

"आधी गोत्र, आता निकाह," बायको दाराबाहेरून म्हणाली. "बाजारात नक्की काय चाललंय?"

तर अखेर कॉफी मिळाली. कडू जहर. साखरेला इथे 'आशींह ल्हिकान' म्हणतात, शब्दशः 'गोड मीठ'. त्यातला 'ल' मुका आहे. जीभ टाळूला टेकवून कडांनी नुसती हवा सोडायची. जन्मभर 'ळ' म्हणत आलेल्या माणसाला हे काय अवघड? पहिल्या खेपेला थुंकी उडाली. दुसऱ्या खेपेला जरा जास्त. तिसऱ्या खेपेला आजींनी शांतपणे कपावर हात धरला.

मग मी तो शब्दच गाळला आणि नुसतं म्हणालो, "आशींह."

आजींनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता मिठाची बरणी पुढे केली.

"अहेहे'," मी म्हणालो. धन्यवाद मला चांगलं येतं. आणि चमचाभर घातलं.