कोर्स बायांसाठी, जाहिरात साहेबांसाठी

परवा एका कंपनीच्या मार्केटिंगवाल्या पोराचा फोन आला. आमच्यासारख्या छोट्या संस्थांसाठी त्यांचा ऑनलाइन आर्थिक साक्षरतेचा कोर्स आहे. वीस मिनिटं बोलला. डॅशबोर्ड, सर्टिफिकेट, सीएसआरवाल्यांना, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या कंपन्यांना, दाखवायला तयार रिपोर्ट, बेनिफिशियरीमागे अमुक रुपये. त्या वीस मिनिटांत बचत गटातली बाई एकदाही आली नाही.

पोराची चूक नाही म्हणा. पैसे देणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा असला की माल देणाऱ्याच्याच मापाने शिवला जातो.

तरी त्याने पाठवलेला डेमो अमळनेर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत दाखवला. अकरा बाया, एक मोबाइल. कपाशी निंदून आलेल्या, हात अजून हिरवे. व्हिडिओत सुटाबुटातला माणूस म्युच्युअल फंड समजावतोय, मधेच चाक फिरत बसलं. तेवढ्यात एका आजीने विचारलं, "भाऊ, पैसा येवाले बी पिन टाकना पडस का?" नाही, आजी. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. येणाऱ्या पैशासाठी कोणी पिन मागितला तर फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा. त्या दिवशीचं खरं शिक्षण एवढंच झालं, तेही कोर्सबाहेर.

आपल्या खान्देशात पैसा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर चालतो. विप्रो १९४५ साली अमळनेरात सुरू झाली, ती वनस्पती तुपाची कंपनी म्हणून. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले, पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले. कोणत्या ॲपने शिकवलं होतं? ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, विकू नका, म्हणून.

आणि पतसंस्थांत बुडालेला पैसाही ओळखीच्याच शब्दावर गेला. माझ्या मावशीची ठेव अशीच अडकली. संचालक नात्यातले, व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, मग पावतीची मागची बाजू कोण वाचतो? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही, हे तिला पैसे अडकल्यावर कळलं. हे एक वाक्य त्या कोर्सात आहे का, असं मी पोराला विचारलं. म्हणाला, "सर, ते सिलॅबसमध्ये नाही, पण कस्टमाइज करता येईल." कस्टमाइजचे पैसे अर्थात वेगळे!

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. पण विकायचाच असेल तर गटाच्या सचिव ताईला विका. तिचं रजिस्टर बाया मानतात. अहिराणीत दोन मिनिटांचा ऑडिओ द्या, व्हॉट्सॲपवर फिरेल असा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तो खात्यातून कापला जातोय का ते पासबुकात कसं बघायचं, इथून सुरुवात करा. एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला पैसे टाकणं, नंतर बघू.

शेवटी पोराला म्हटलं, शुक्रवारी बैठक आहे, संध्याकाळी पाचला, मारुतीच्या पारावर. ये, बायांशी बोल.

तो म्हणाला, "चालेल सर, झूमची लिंक मी पाठवू की तुम्ही?"