रेडिओग्राफी पास झाली म्हणून टाकी बकलिंगला टिकेल असं नाही

टाक्या आणि सायलो बनवणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: वेल्ड मूळ पत्र्यापेक्षा मजबूत असतो, जोडालगतचा दोन-चार मिलिमीटरचा खळगा फक्त दिसायला वाईट, रेडिओग्राफी (जोडाचा एक्स-रे) पास झाली की जोडाची काळजी मिटली, शंका असेल तर जास्त यील्डचं (यील्ड म्हणजे ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं) स्टील घ्या, आणि वेल्डिंगचा खरा धोका आत अडकलेल्या ताणांचा. उभ्या भाराखालच्या पातळ नळकांड्यासाठी यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे. अशा टाक्यांखाली माणसं काम करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"वेल्ड पत्र्यापेक्षा मजबूत." ओढून तोडायचा असेल तर खरं आहे, चांगल्या जोडाचा नमुना सहसा पत्र्यातच तुटतो. पण उभ्या दाबाखाली पातळ कवच तुटत नाही, ते एकदम पिचकतं (यालाच बकलिंग म्हणतात), आणि तेव्हा स्टीलची ताकद संपलेली नसते. १० मीटर त्रिज्येचं, १० मिलिमीटर जाडीचं नळकांडं घ्या. लॉरेंझ आणि टिमोशेंको यांच्या काळापासून चालत आलेल्या सूत्रानुसार, आकारात काहीच दोष नसेल तर ते सुमारे १२१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला बकल होतं. साध्या स्टीलचं यील्ड २५०च्या आसपास. म्हणजे निम्म्यावरच खेळ आटोपतो. सूत्रात लवचिकता गुणांक (स्टीलचा ताठपणा), जाडी, त्रिज्या आणि पॉइसन गुणोत्तर (एका दिशेनं दाबलं की आडवं किती फुगतं ते) एवढंच येतं. वेल्डची ताकद कुठेच येत नाही. जास्त यील्डच्या स्टीलचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. यील्ड ३५० केलं तरी लवचिकता गुणांक तोच राहतो आणि बकलिंगचा दाबही तोच.

"दोन-चार मिलिमीटरनं काय होतं?" सगळ्यात घातक वाक्य हेच. १९३०च्या दशकात चाचण्या झाल्या तेव्हा नळकांडी सूत्राच्या निम्म्यावर, कधी त्याच्याही खूप खाली बसली. त्याचं कारण डच अभियंते कोइटर यांनी १९४५च्या डेल्फ्टमधल्या प्रबंधात दाखवलं: अशी कवचं आकारातल्या बारीकशा दोषालाही विलक्षण हळवी असतात. त्यांच्याच पुढच्या गणितानुसार, संपूर्ण घेराभर एकसारखी, नेमक्या घातक लांबीची लाट असेल आणि तिची खोली जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी असेल, तर ताकद सुमारे ६० टक्क्यांवर येते. खोली जाडीइतकी झाली की जेमतेम पाव उरते.

आडवा वेल्ड नेमकी तशीच लाट तयार करतो. थंड होताना तो घेराच्या दिशेनं आकसतो आणि दोन्हीकडचा पत्रा आत ओढून घेतो. भार आला की आत गेलेला भाग आणखी आत ढकलला जातो, तिथला घेर लहान व्हायला लागतो, घेराच्या दिशेनं दाब येतो आणि कवच त्या पट्ट्यावर खळग्याखळग्यांनी बसतं. उभा जोड भाराच्याच दिशेत असतो, त्यामुळे या बाबतीत तो तुलनेनं कमी त्रास देतो.

हे मोजता येतं. ईएन १९९३-१-६ या युरोपीय मानकात बनावटीचे ए, बी, सी असे दर्जे आहेत. वरच्या नळकांड्यावर आडव्या जोडावरून २५० मिलिमीटरचं गेज (सरळ पट्टी) उभं लावलं तर खळगा ए दर्जाला दीड मिलिमीटरपर्यंत चालतो, सी दर्जाला चार. त्याच मानकाच्या २००७च्या सूत्रानं हिशेब केला की ए दर्जाला आदर्श ताकदीच्या सुमारे २६ टक्के धरता येतात, सी दर्जाला सुमारे १० टक्के. म्हणजे एकाला ३२ न्यूटन, दुसऱ्याला १२. स्टील तेच, इलेक्ट्रोड तोच, रेडिओग्राफीचा रिपोर्टही तोच.

"रेडिओग्राफी पास." फिल्मवर पोरॉसिटी (वायूची छिद्रं), स्लॅग (आत अडकलेला मळ), अपुरं फ्यूजन (नीट न वितळलेला जोड) दिसतं. अर्ध्या मीटरच्या उंचीत पत्रा आठ मिलिमीटर आत गेला असेल तर त्याची सावली पडत नाही. उलट दोन मिलिमीटरच्या एका छिद्रासाठी जोड खरवडून पुन्हा वेल्ड केला की पुन्हा उष्णता, पुन्हा आकसणं. गळती आणि तडे यांच्यासाठी ती दुरुस्ती लागतेच, पण तिच्यानंतर आकार पुन्हा मोजायला हवा, आणि तो क्वचितच मोजला जातो.

राहिला ताणांचा मुद्दा. आकार आणि अडकलेले ताण दोन्ही एकत्र धरून केलेल्या अभ्यासांत, तोच खळगा ताणांशिवाय धरला असता जी ताकद येते त्याहून थोडी जास्तच ताकद आढळली आहे. उष्णतोपचारानं ताण जातील, पण खळगा जागचा हलणार नाही.

मजकुरात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. आतल्या दाबानं ताणल्या जाणाऱ्या टाकीत जोडाची ताकद आणि रेडिओग्राफी निर्णायक असते. बाहेरच्या दाबाखाली आकारदोषाची झळ कमी. तिथे त्याच मानकात दर्जानुसार आदर्श ताकदीच्या ७५ ते ५० टक्के धरता येतात. पण सायलोच्या भिंतीवर धान्याच्या घर्षणाचा उभा भार येतो. तिथे प्रत्येक आडव्या जोडावर, वेल्डिंगनंतर, घेरावर ठिकठिकाणी गेज लावून खोली लिहून ठेवा आणि ते आकडे डिझाइन करणाऱ्याच्या हातात द्या. त्यानं गृहीत धरलेला दर्जा प्रत्यक्षात आला की नाही, हे त्याला दुसऱ्या कुठल्याच कागदावरून कळत नाही.