श्यामची आई मी चोपन्नाव्या वर्षी वाचलं

मराठी भाषा दिनाला आमच्या ऑफिसात ‘माझं आवडतं पुस्तक’ असा कार्यक्रम होता. दोन दिवस आधी कुणीतरी माझं नाव यादीत घातलं आणि मी पटकन ‘श्यामची आई’ सांगून मोकळी झाले. दहा मिनिटं बोलले. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनाला जप, हे सांगितलं. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, तेही सांगितलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे सांगताना माझा आवाज भरून आला. टाळ्या पडल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. आणि मी ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं. एक पानही नाही.

दुपारी डबा खाताना आमच्याकडे नव्याने लागलेला एक मुलगा शेजारी येऊन बसला. बीडकडचा आहे. म्हणाला, “मॅडम, छान बोललात. पण तुम्ही कर्जाचं काहीच घेतलं नाही. मला ते शेवटचं सगळं फार लागतं. घरावर दवंडी पिटतात ना, तिथे मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं.”

मी म्हणाले, “हो ना, वेळ कमी होता.”

कसलं कर्ज, कुठली दवंडी, मला काही ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला त्या पानांबद्दल कुणाशी तरी बोलायचंय, आणि अख्ख्या ऑफिसात त्याने नेमकी मला निवडलं होतं. तो थोडा वेळ थांबला, मग डबा आवरून गेला. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

खरं तर हे पुस्तक माझ्याकडे १९८१ पासून आहे. चौथीच्या स्कॉलरशिपनंतर शाळेने बक्षीस दिलं होतं. बाबांनी त्याला खाकी कव्हर घातलं, वर माझं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि ते ट्रंकेत ठेवलं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पुस्तकांना कपाट नव्हतं. मी ते वाचलं नाही, कारण मला ते आधीच येत होतं. शाळेत त्यातला धडा होता. अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा शेजारच्यांच्या टीव्हीवर आख्ख्या मजल्याने एकत्र बसून पाहिला होता. बाईंनी वर्गात गोष्टी सांगितल्या होत्या. एवढं सगळं कानावरून गेल्यावर पुस्तक उघडायचं कशाला?

माझ्या न वाचलेल्या पुस्तकांपैकी बहुतेकांचं हेच झालंय. आपण नेहमी वेळ नाही म्हणतो. वेळ नसतो हे खरंच आहे. सकाळी साडेसहाला गॅस पेटवणाऱ्या बाईला कुणी वेगळं सांगायला नको. पण ज्या पुस्तकाविषयी काहीच ऐकलेलं नसतं ते मी वाचते, रात्री जागून वाचते. हात अडतो तो सगळ्यांनी वाचलेल्या पुस्तकापाशी. ते आपल्याला ‘माहीत’ असतं ना.

‘मृत्युंजय’चंच घ्या. १९६७ सालचं पुस्तक, माझ्याहून चार वर्षांनी मोठं. माझ्या भावाने ते तीनदा वाचलंय. कर्णाची कथा सहा जण सांगतात, कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. भावाने इतक्या वेळा सांगितलंय की वृषाली काय बोलत असेल हे मी मनाशी ठरवूनही टाकलंय. तिचं एक वाक्यही मी वाचलेलं नाही. ‘ययाती’ला १९७४ सालचं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलंच, हे स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलं होतं. परीक्षा झाली, पुस्तक राहिलं. ‘स्वामी’ लग्नात भेट आलं होतं. ‘कोसला’ चाळीस पानांवर सुटलं, आणि ते मी वयामुळे सोडलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं: पदरात दोन वर्षांचं मूल असताना होस्टेलवरच्या पांडुरंग सांगवीकरचा कंटाळा माझ्याने सोसवेना. आता मूल स्वतःच होस्टेलवरून परत आलंय. पुन्हा उघडून बघायला हवं. ‘बटाट्याची चाळ’ मी फक्त ऐकली आहे, पण ती ऐकायचीच असं मला वाटतं, त्यामुळे तिच्याबद्दल रुखरुख नाही. वपुंची वाक्यं रोज सकाळी मोबाईलवर येतात. त्यांतली खरोखर त्यांची किती, हे ओळखण्याइतकंही मी त्यांना वाचलेलं नाही.

तर त्या रात्री आईकडे जाऊन ट्रंक उघडली. खाकी कव्हर आता बिस्किटासारखं तुटतं. पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि सकाळच्या स्लो गाडीत मुलुंडला खिडकी मिळाली म्हणून उघडलं. शेजारी मटार सोलणाऱ्या बाईंनी विचारलं, “मुलांसाठी घेतलंय का?” मी म्हटलं, “नाही हो, माझ्यासाठी. वाचलंच नव्हतं कधी.” हे मोठ्याने म्हणायला मला चोपन्न वर्षं लागली. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मी पण नाही वाचलं.” समोरच्या सीटवरची म्हणाली, “मी निम्मं.” मग भांडुपपासून कुर्ल्यापर्यंत आमच्या चार सीटांवर फक्त हेच चाललं होतं, कुणी काय वाचलं नाही. रोज एकाच डब्यातून जाणाऱ्या बायका, पण पुस्तकांवर आम्ही पहिल्यांदा बोललो. ‘हो, वाचलंय’ म्हटलं की विषय तिथेच संपतो. पुढे विचारायचं काय? ‘नाही वाचलं’ म्हटल्यावर दुसरी सांगायला लागते.

पुस्तक ४२ रात्रींत विभागलंय. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. पहिल्या पंधरा-वीस रात्री मला ओळखीच्या वाटल्या. काही जागी उपदेश जास्त होतो, तेही सांगते. ‘महान पुस्तक आहे’ एवढंच म्हणून मी पुन्हा तेच करणार नाही. पण शेवटच्या दहाएक रात्रींत पुस्तक वेगळंच होतं. प्रकरणांची नावंच बघा: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे, तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. एक खाऊनपिऊन सुखी घर सावकाराच्या कर्जात कसं बुडत जातं, त्याची ही हकीकत आहे. वसुलीला आलेला माणूस दारात बसून नको ते बोलतो, आणि माझ्या डोक्यात जी आई डोळ्यांना पदर लावून बसलेली होती, ती आई त्याला ओटीवरून चालता हो म्हणून सुनावते. पुढे घराच्या जप्तीची दवंडी गावभर फिरते. मी ते विक्रोळी-घाटकोपरच्या दरम्यान वाचत होते. दादरला उतरून बाकावर बसले आणि दोन गाड्या सोडल्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, आमच्या चाळीत तर घरटी एक. सुरुवातीचे महिने संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभांना बाबा मला खांद्यावर नाही तरी हाताला धरून न्यायचे. मग सभा कमी झाल्या. वाण्याने वही बंद केली. पितळेचा हंडा गेला, आईचं गंठण गहाण पडलं. बाबांनी एका माणसाकडून व्याजाने पैसे घेतले होते. तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचा, गॅलरीच्या टोकाला स्टूल मागून घ्यायचा आणि मजला ऐकेल अशा आवाजात आकडा सांगायचा. बाबा त्या दिवशी घरी थांबत नसत. आई दारात उभी राहायची. आत मी ट्रंकेवर बसून अभ्यास करायचे, कारण बसायला दुसरी जागा नव्हती.

त्या ट्रंकेत हे पुस्तक होतं.

गेले काही महिने मी याच गोष्टीपाशी येऊन थांबते. पुस्तक तेव्हा वाचलं असतं तर व्याज कमी झालं नसतं, हंडाही परत आला नसता. पण अकरा वर्षांच्या मुलीला वाटत होतं की असं फक्त आपल्याकडेच होतंय आणि ते कुणाला कळता कामा नये. माझ्या बुडाखाली, दोन इंचांवर, कुणीतरी लिहून ठेवलं होतं की दापोलीजवळच्या एका गावात, साठ-सत्तर वर्षांपूर्वी, एका मुलाच्या घरी हेच झालं, आणि त्याने ते मोठेपणी सगळ्यांना सांगितलं. मला ते कुणी सांगितलं नाही. बाईंनी पायाची घाण आणि मनाची घाण सांगितली. धड्यात आज्ञाधारकपणा होता. बक्षीस देताना मुख्याध्यापक ‘संस्कार’ म्हणाले. गिरणगावातल्या शाळेत, ज्या वर्गात दर तिसऱ्या घरी उधारीची वही होती, तिथे या पुस्तकातलं कर्ज वगळलं जात होतं. बाईंना दोष देत नाही, त्यांनाही कदाचित तसंच शिकवलं असेल. पण मला याचा राग आहे. लोकप्रिय पुस्तकातल्या दोन-तीन गोष्टी आपण इतक्या वेळा सांगतो की त्या पुस्तकाच्या दारावर पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहतात. फेब्रुवारीत मीही तेच केलं. तीनशे लोकांसमोर उभी राहून त्याच दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या बीडच्या मुलाचं पुस्तक त्याच्यासमोर झाकून टाकलं.

म्हणून मला वाटतं की धडा वाचला म्हणजे पुस्तक वाचलं असं धरू नये, आणि मुलांना तसं धरू देऊ नये. सिनेमा पाहिला असेल तर सिनेमा पाहिला म्हणावं. आणि भाषणं करायची असतील तर आधी वाचावं, मी हे स्वतःला सांगतेय.

आणखी एक सांगायचं राहिलं. वेळ आणि ‘माहीत आहे’ याखेरीज न वाचण्याचं तिसरंही एक कारण असतं, आणि ते बोलायला जड जातं. दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ साली आलं. त्यातली कावाखाना ही वस्ती नागपाड्यात, आमच्या लालबागपासून बसने फार तर अर्ध्या तासावर. माझ्या लहानपणी त्या पुस्तकाची मुंबईभर चर्चा होती. आमच्या घरात, मजल्यावर, शाळेच्या बक्षिसांच्या गठ्ठ्यात ते कधीच आलं नाही. कुणी बंदी घातली नव्हती. ते ‘आपलं’ नाही असं न बोलता ठरलेलं होतं, आणि कुठली पुस्तकं कुणाच्या घरात शिरतात हे जातीनेही ठरतं. पुढे मी कमावती झाले, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन हवं ते घेऊ शकत होते, तरी घेतलं नाही. हे मात्र शाळेवर ढकलता येणार नाही.

‘श्यामची आई’ संपल्यावर मी ते आईला वाचून दाखवायला घेतलं. ती चौथी शिकलेली, आता ऐंशीची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर लागत नाही. शनिवार-रविवार तिच्याकडे जाते, दोन रात्री वाचते. सिनेमा तिलाही पाठ आहे, त्यामुळे सुरुवातीला ती मधेच पुढचं सांगायची. कर्जाच्या प्रकरणांना गप्प झाली. ‘तेल आहे, तर मीठ नाही’ संपल्यावर बराच वेळ ती भिंतीकडे बघत होती. मला वाटलं झोप आली. मग म्हणाली, “मीठ होतं गो बाय आपल्याकडे. तेलच नसायचं.” आणि मग त्या व्याजवाल्याचं नाव घेऊन, आम्ही त्रेचाळीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं ते नाव घेऊन, त्याला तिने एकदा काय सुनावलं होतं ते सांगितलं. मी तेव्हा शाळेत होते. मला हे माहीतच नव्हतं.

त्या बीडच्या मुलाला मी गेल्या आठवड्यात खरं सांगितलं. तुझ्याशी बोलले तेव्हा मी पुस्तक वाचलेलं नव्हतं, आता वाचलंय, दवंडीपाशी मीही थांबले. तो लाजला, मग आम्ही त्या पानांवर डब्याची सुट्टी संपेपर्यंत बोललो. त्याच्या वडिलांचं पीककर्ज, माझ्या बाबांचा संप. ‘बलुतं’ वाचलंय का विचारलं तर म्हणाला, घरी आहे. दुसऱ्या दिवशी घेऊन आला. त्याच्या वडिलांनी जागोजागी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. सध्या मी कावाखान्यात पोचले आहे.